न दिलेलं लक्ष

माझं काम डीटीपीचं. पुण्यात नारायण पेठेतल्या एका लहानशा ऑफिसात बसून मी बहुतेक संस्कृत-मराठी पुस्तकं टाइप करते. या कामात डोळे स्क्रीनवर नसतात, डावीकडे चिमट्याला लावलेल्या कागदावर असतात. बोटं आपापली चालतात. मधेच एखादी खिडकी पुढे येऊन बसली तरी मला पत्ता नसतो, आणि दोन ओळी भलतीकडे जातात. ओळी गेल्या तर गेल्या, पुन्हा टाइप करता येतात. मला खटकतं ते वेगळंच. त्या खिडकीत एक प्रश्न असतो आणि ‘हो’चं बटण आधीच निवडून ठेवलेलं असतं. दोन शब्दांमध्ये जागा सोडायला मी स्पेस बार दाबते, तो त्या प्रश्नाला होकार ठरतो आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागतं. हेल्पलाइनवरचा मुलगा मला म्हणाला, “मॅडम, परवानगी तुम्हीच दिलीय. इथे नोंद आहे.”

नोंद असेल. बोटही माझंच होतं. पण कर्म माझं होतं का? आपल्याकडे साधा सत्यनारायण असला तरी गुरुजी आधी संकल्प सोडायला लावतात: मी अमका, अमक्या ठिकाणी, अमक्या हेतूने हे करतो आहे. इथे संकल्प होता एका वाक्याचा, आणि फळ लागलं भलत्याच क्रियेला.

गेल्या पावसाळ्यात अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वरची एक मराठी टीका माझ्याकडे आली होती. नैयायिकांच्या मते मन अणूएवढं असतं. एका क्षणी ते एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, म्हणून दोन ज्ञानं एकदम होत नाहीत. कॉम्प्युटरवरही खिडक्या कितीही उघडा, कीबोर्ड एका वेळी एकीचाच. (नैयायिकांना हे यंत्र आवडलं असतं. वादात दाखवायला बरं.) जी गोष्ट अशी एकच आणि अखंड आहे, तिच्यातलं थोडंसं कुणी घेऊ शकत नाही. घेतली की सगळी जाते.

तरी लक्ष विचलित झालं की आपली परंपरा दोष देते तो ज्याचं लक्ष गेलं त्याला. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो, तर उपाय सांगितला जातो अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींनी चित्ताचे नऊ अंतराय मोजले. आजारपण, संशय, आळस, सगळे आपल्या आतले. बाहेरून येऊन हात धरणारा त्यात नाही. त्याच पतंजलींनी अस्तेय मात्र आसन-प्राणायामाच्याही आधी ठेवलं. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात चोरी म्हणजे न दिलेलं घेणं. हे माप लक्षाला लावलं तर गुन्हेगार बदलतो.

शाकुंतलाच्या चौथ्या अंकात दुर्वास आश्रमाच्या दारात येऊन आपण आल्याचं सांगतात. शकुंतलेचं मन हस्तिनापूरला गेलेल्या दुष्यंतापाशी. तिला ऐकूच येत नाही, आणि ऋषी शाप देऊन चालते होतात. महाभारतातल्या कथेत हा शाप नाही, कालिदासाने तो घातला. शाळेत आम्हाला शिकवलं की अतिथिधर्म चुकला शकुंतलेचा. कण्व आश्रमात नव्हते, पाहुण्यांचं तिच्याकडे होतं, हे मला मान्य आहे. पण आपली हाक तिच्यापर्यंत पोचली का, हे दुर्वासांनी क्षणभर तरी पाहिलं? न ऐकणारीचं गप्प राहणं त्यांनी अपमान ठरवलं. ती खिडकी न पाहणारीच्या स्पेस बारचा होकार करते. दोन्हीकडे जे म्हटलंच नाही ते म्हटल्याचं गृहीत धरलं जातं.

पंढरपूरची गोष्ट याच्या नेमकी उलट. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, दारात देव आला, पुंडलिकाने वीट सरकवली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला. आपण यात पुंडलिकाची मातृपितृभक्ती वाखाणतो, ते योग्यच आहे. मला मात्र देवाचं वागणं जास्त मोलाचं वाटतं. अधिकार सगळा त्याचा होता, तरी न दिलेलं लक्ष त्याने घेतलं नाही.

यंत्र बनवणाऱ्यांना हे उशिरा का होईना कळलं. विंडोज 95 मध्ये कुठलाही प्रोग्राम मनाला येईल तेव्हा पुढे येई. विंडोज 98 आणि 2000 पासून नियम आला: माणूस एका खिडकीत काम करत असेल तर मागच्याने घुसायचं नाही, खालच्या पट्टीवर बटण लुकलुकवत थांबायचं. या राखणीची ठरलेली मुदत 200 सेकंदांची. पुढे असलेल्या प्रोग्रामने दुसऱ्याला वाट दिली तर गोष्ट वेगळी. 2023 च्या मॅकओएस सोनोमात पुढे येणं ही नुसती विनंती झाली, ती मान्य होईलच असं नाही. लिनक्सवरच्या केडीईत या राखणीच्या पाच पायऱ्या आहेत. घरच्या मशीनवर मी चौथी लावली आहे.

पळवाटा अर्थात उरतातच. मी एखादा प्रोग्राम उघडते, तो रेंगाळतो, मी पुन्हा टायपिंगला लागते आणि मग तो धाडकन पुढे येतो. त्याला मी फार दोष देत नाही, बोलावणं माझंच होतं. बॅटरी संपत आली असेल तर हाक मारावी, जोरात मारावी. पण हाक मारणं वेगळं आणि बोट धरून सही करून घेणं वेगळं.

तेव्हा हिंजवडीत, बंगळुरात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे. तुमच्या खिडकीला पुढे यावंच लागलं, तर ‘हो’ आधीपासून निवडून ठेवू नका, आणि सुरुवातीला क्षणभर कुठलीही कळ मानू नका. हे अवघड नाही. फायरफॉक्स आपल्या काही खिडक्यांतलं होकाराचं बटण पहिला एक सेकंद बंदच ठेवतो.