वेडेवाकडे दात : हौस की गरज?

मुलगी आठवी-नववीत गेली की कधीतरी घरात विषय निघतो, "मला दातांना तार लावायची आहे." आई मनातल्या मनात खर्चाचा हिशेब करू लागते. वडील म्हणतात, "नीट चावता येतं ना? मग झालं!" आजी म्हणते, "आमच्या वेळी कुठे होत्या तारा? आमची लग्नं नाही का झाली?" तिघांचे तीन शेरे होतात आणि विषय मिटतो. मुलगी मात्र तोंडावर हात ठेवून हसायची ती तशीच हसत राहते.

दातांचा विषय दातांच्या डॉक्टरांचा, या पानावर त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. दातदुखीसाठी आपण संत अपोलोनियाची मध्यस्थी मागतो, ९ फेब्रुवारीला तिचा सणही आहे. पण जिथे दात दुखतच नाही, नुसता वाकडा आहे, ते दुखणे खरे मानायचे की नाही? आणि त्यासाठी घरातले चाळीस-पन्नास हजार रुपये घालणे हा मुलांचा लाड म्हणायचा की आईबापांचे कर्तव्य?

दात वाकडे येण्याची कारणे अनेक आहेत. आईकडून-वडिलांकडून आलेली ठेवण हे मोठे कारण. जबड्यात जागा कमी आणि दात मोठे, म्हणून ते एकमेकांवर चढतात. दुधाचे दात किडून लवकर काढावे लागले, मूल बरीच वर्षे अंगठा चोखत राहिले किंवा नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेत राहिले, तरीही असे होते. यांत मुलाचा दोष कोणताच नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. काही बाबतीत उपचाराला शरीराचेच कारण असते. वरचे दात फार पुढे आलेले असतील तर पडल्या-आपटल्यावर ते तुटण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. दाटीवाटीने आलेल्या दातांच्या फटींत ब्रश नीट पोचत नाही. अशा वेळी पालकही फारसे आढेवेढे घेत नाहीत. अडते ते दुसऱ्या मुलांच्या बाबतीत. ती व्यवस्थित जेवतात, त्यांचे दात किडलेले नाहीत, पण ती हसत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ सालीच सांगून ठेवले आहे की रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे. शरीर, मन आणि लोकांतले वावरणे या तिन्हींचे स्वास्थ्य म्हणजे आरोग्य. दातांच्या बाबतीत हे लक्षात यायला मात्र बराच काळ गेला. २००२ साली कॅनडातील टोरांटोच्या संशोधकांनी ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत दुखते का, चावता येते का, हे तर विचारले आहेच. पण गेल्या तीन महिन्यांत हसायचे टाळले का, कोणी चिडवले का, चारचौघांत बोलायला नको वाटले का, असेही विचारले आहे. अशा प्रश्नावल्या पुढे अनेक देशांत वापरल्या गेल्या. त्यांतून पुन्हा पुन्हा दिसले की वाकड्या दातांचा भार चावण्यावर कमी आणि मनावर, मित्रमैत्रिणींतल्या वावरण्यावर अधिक पडतो. शिवाय दात किती वाकडा आणि मूल किती खिन्न, यांचे गणित जुळत नाही. एखाद्याचे चार दात आडवेतिडवे असून तो पोर खो-खो हसतो आणि एखादीचा एकच सुळा जरासा वर आहे, तर तिला फोटोत उभे राहायचे नसते. आपण मोठी माणसे दुसरीला म्हणतो, "एवढ्याशासाठी काय रडतेस?" पण ते 'एवढेसे' आपल्या डोळ्यांना. दुःखाला मिलिमीटरची पट्टी लावता येत नाही.

मग हे दुःख येते कुठून? आरशातून थोडे, आणि तोंडांतून पुष्कळ. २०११ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दात सरळ करून घ्यायला आलेल्या १० ते १४ वर्षांच्या मुलांपैकी आठांत साधारण एक मूल मुलांच्या छळाला तोंड देत असल्याचे दिसले. आपल्याकडे यासाठी पाहणी करायची गरज नाही. 'दात्या', 'फावड्या' ही नावे कोणाच्या कानावरून गेली नाहीत? आणि अशी नावे शाळेतच पडतात असेही नाही. पुष्कळदा ती घरच्याच माणसांनी, मामा-काकांनी कौतुकाने ठेवलेली असतात आणि लग्नाच्या मांडवात सर्वांसमोर मोठ्याने मारली जातात. आपलेच दात आणि आपलेच ओठ! मुलगा हसून साजरे करतो, म्हणून आपल्याला वाटते की त्याला काही वाटत नाही. रविवारी मिस्सात वाचन करायला बोलावले की तो नको म्हणतो, तेव्हा मात्र आपण त्याला भित्रा म्हणतो.

सौंदर्याच्या कल्पना बदलत्या असतात हे खरे. पूर्वी आपल्याकडे सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत आणि ते शोभेचे मानले जाई. जपानमध्ये पुढे आलेले सुळे गोड समजतात. २०११च्या सुमारास तिकडच्या काही तरुणी मुद्दाम तसे कृत्रिम सुळे बसवून घेऊ लागल्या होत्या. पण हे ऐकवून तेरा वर्षांच्या मुलीचे समाधान होईल काय? ती जपानमध्ये राहत नाही. तिला उद्या सकाळी आपल्याच वर्गात जायचे आहे.

भाविक घरांत आणखी एक उत्तर तयार असते, ते असे की देव रूप पाहत नाही, अंतःकरण पाहतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातली ती शिकवण आहे. पण तो प्रसंग नीट वाचावा. देव तिथे ठेंगण्या-कुरूप मुलाची समजूत घालीत नाही. इशायाच्या उंचपुऱ्या थोरल्या मुलाला पाहून भारावलेल्या शमुवेलाची कानउघाडणी करतो. ते वचन पाहणाऱ्यासाठी आहे. आपण ते जिच्याकडे पाहिले जाते तिलाच ऐकवतो आणि स्वतः मोकळे होतो. (गंमत म्हणजे त्याच अध्यायात पुढे दावीद येतो तेव्हा तो देखणा होता, हे सांगायला लेखक विसरलेला नाही.)

तर मग सर्वांनी तारा लावून घ्याव्यात काय? इथेही घाई नको. वेल्समधील कार्डिफ येथे १९८१ साली ११-१२ वर्षांच्या १,०१८ मुलांची नोंद करण्यात आली आणि वीस वर्षांनी त्यांपैकी ३३७ जणांना पुन्हा तपासले गेले. ज्यांना गरज होती आणि ज्यांनी उपचार घेतले होते, त्यांचे दात अधिक सरळ होते आणि दातांविषयी ते अधिक समाधानीही होते. परंतु त्यांचा आत्मविश्वास, मनःस्वास्थ्य यांत उपचारामुळे फारसा फरक पडल्याचे दिसले नाही. लहानपणी ज्याची स्वतःविषयी जी भावना होती, तिचाच वाटा मोठा ठरला. तारेने दात हलतो, हे नक्की. दात हलला की मन आपोआप सरळ होईल, अशी हमी कोणी देऊ नये. जाहिराती देतात, ती गोष्ट वेगळी.

मला स्वतःला वाटते, मूल मागत असेल आणि घराला झेपत असेल, तर याला हौस म्हणून हिणवू नये. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा १८ वर्षांखालील मुलांना तारा मोफत बसवते, पण सर्वांना नाही. १९८९ साली तिकडे तयार झालेल्या मोजपट्टीत पाच पायऱ्या आहेत. वरच्या दोन पायऱ्यांवरील मुलांना उपचार मिळतो, आणि तिसऱ्या पायरीवरच्या मुलाचे दात दहा फोटोंशी ताडून पाहून ठरवतात. म्हणजे पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या सरकारनेही 'दिसणे' जमेस धरले आहे. मुलाला स्वतःला किती सोसावे लागते, याचा रकाना मात्र त्या पट्टीतही नाही. तो घरच्यांनीच भरायचा.

ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च जड जातो, त्यांनी मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय किंवा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय येथे चौकशी करावी. तिथे शिकणारे डॉक्टर तज्ज्ञ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे काम करतात आणि खर्च बराच कमी येतो. मात्र थांबावे लागते, आणि वसईहून लोकलने दर महिन्याला खेप घालण्याची तयारी हवी.

याच्या उलटही घडते. मुलगी आपल्या दातांवर खूश असते आणि आईलाच "पुढे लग्नाला अडचण नको" म्हणून घाई असते. अशा वेळी जबरदस्तीने बसवलेल्या तारेचे काय होते ते डॉक्टरांना विचारून पाहावे. दीड-दोन वर्षे तार सहन केली तरी नंतर दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर नावाची पट्टी लावावी लागते, आणि ती रोज आठवणीने लावणे सर्वस्वी मुलीच्याच हातात असते. ज्या मुलीला ती मुळात नकोच होती, तिची पट्टी कपाटाच्या खणात पडून राहते, आणि दात हळूहळू आपल्या जुन्या जागेकडे सरकू लागतात.