पाण्याचा खेळ

अमेरिकेतून सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’चा नवा खेळ दरवर्षी जानेवारीत सगळ्या संघांना एकाच वेळी कळतो. नियमांची फाइल आधीच डाउनलोड करता येते, पण कुलूपबंद. पासवर्ड त्या दिवशी जाहीर होतो. तोवर शाळकरी पोरं टीझरमधल्या रेषारेषेचा कीस पाडतात, आणि कुणीतरी म्हणतंच, “यंदा पाण्याचा खेळ!” हा विनोद फार जुना. २०२५चा ‘रीफस्केप’ तर समुद्रावरच बेतलेला होता. तरी प्रवाळ म्हणून आले पीव्हीसीचे पाइप, आणि मैदान कोरडंच.

अंदाज बांधणं चालतं, मग पासवर्ड आधी मिळवणं चूक का? एन्क्रिप्शन माझ्या रोजच्या कामातलं, त्यामुळे ‘कुलूप आहे म्हणून’ हे उत्तर मला पुरत नाही. समजा, कुणी ओळखीतून पासवर्ड काढला. फाइल त्याच्याच लॅपटॉपवर आहे. त्यानं चोरलं काय?

माझ्या मते, इतरांचे दिवस. अंदाजाला वशिला लागत नाही. काही संघांकडे महागडी यंत्रं असतात, मुरलेले मार्गदर्शक असतात. सगळ्यांकडे सारखं असतं ते फक्त न कळणं.

बरं, त्यानं ते सगळ्यांनाच सांगून टाकलं तर? आता कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. तरी मला खटकतं. ‘पाण्याचा खेळ’ म्हणून ओरडणाऱ्या पोराला कुणी विचारलंच नाही, तुला हे आत्ता कळायला हवंय का म्हणून.