मशीन यामाहाचं, बोट कुणाची?

‘यामाहा बोट विकणे आहे. कंडिशन एक नंबर. अर्जंट.’ जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात अशा धाटणीची जाहिरात आली, की उजनी धरणाच्या काठावरचा माणूस ती एका रीतीने वाचतो आणि बारामतीच्या बाजारपेठेतला दुसऱ्या रीतीने. इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगावच्या मच्छीमाराला काही फोड करून सांगावं लागत नाही. मशीन यामाहाचं असणार, खालची फायबरची बोट कुठल्यातरी शेडमध्ये ओतलेली असणार, ती कशी निघाली हे काठावर जाऊन बघायचं. फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी एखादी बोट टाकावी असा बेत करणारा बारामतीचा माणूस मात्र अख्खी बोटच कंपनीची समजून बसतो. त्याला खुळ्यात काढायचं कारण नाही. यामाहा 1960 पासून इंजिनांबरोबर फायबरच्या बोटीही बनवत आली आहे. ‘यामाहा बोट’ नावाची वस्तू जगात खरोखर आहे. या जाहिरातीत ती नाही, इतकंच.

मग विकणारा खोटं बोलला का? त्याला विचारा, तो ठामपणे नाही म्हणेल. मशीनवर स्टिकर आहे, स्टिकर खरं आहे, आणि काठावर सगळे अशा बोटीला यामाहाच म्हणतात. यातलं शेवटचं म्हणणं मला सर्वांत वजनदार वाटतं. आपल्याकडे कंपनीचं नाव वस्तूच्या जातीला लागायला वेळ लागत नाही. माती उकरणारं कुठलंही यंत्र जेसीबी होतं, तीनचाकी टेम्पो कुठल्याही कारखान्याचा असो, ‘अ‍ॅपे’ होतो. अख्खं गाव तसं बोलतं आणि कुणी फसत नाही, कारण बोलताना वस्तू समोर उभी असते. शिवाय शेजारी हटकून कुणीतरी असतो, जो चहा संपायच्या आत त्या वस्तूची सगळी कुंडली सांगतो.

ऑनलाइन जाहिरातीत हा शेजारी नसतो. चार फोटो असतात, त्यांतले दोन मशीनचे. काठावर जो शब्द जात सांगत होता, तोच पडद्यावर उत्पत्ती सांगू लागतो, आणि शब्द दोन ठिकाणी दोन रीतींनी वाचला जातो हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. जबाबदारी इथून सुरू होते, असं मी मानतो. घेणाऱ्याला एकच वाचन माहीत आहे. विकणाऱ्याला दोन्ही माहीत आहेत, आणि त्याने त्यांतलं आपल्या फायद्याचं निवडलं आहे.

ब्रँडचं नाव नेमकं काय विकतं, हे बारामतीइतकं क्वचितच कुठे स्पष्ट दिसेल. बजाज ऑटो 1960च्या दशकात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होती. 1971 मध्ये परवान्याची मुदत संपली आणि नाव गेलं. त्याच वळणाची स्कूटर पुढे ‘चेतक’ म्हणून आली, आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. मग 2012 मध्ये खुद्द पियाजिओने बारामतीच्या कारखान्यात व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. माळावरच्या एमआयडीसीत, शेजारच्या गावांतल्या पोरांच्या हातून निघालेली ही इटालियन नावाची स्कूटर बनावट आहे का? अजिबात नाही. तिच्यात दोष निघाला तर पियाजिओ उत्तर देणार आहे. आणि चेतकवर व्हेस्पाची पाटी ठोकली असती, तर स्कूटर कितीही उत्तम असती तरी ती फसवणूकच झाली असती. वस्तू कुठे बनली, कितपत चांगली आहे, हे प्रश्न नंतरचे. नाव सांगतं ते हे, की उद्या काही बिघडलं तर कुणाचं दार वाजवायचं.

या कसोटीवर ती यामाहा बोट लावून बघा. मशीन बिघडलं तर दार आहे. पण माणसाला पाण्यावर धरून ठेवते ती बोट, मशीन नव्हे. मशीन बंद पडलं तर वल्हं मारत किंवा दुसऱ्या बोटीला दोर बांधून परतता येतं. बोटीचा तळ उकलला तर असा दुसरा उपाय उरत नाही. आणि फायबरच्या बोटीत कारागिरी दिसत नाही. काचतंतूंचे थर किती दिले, रेझिन नीट मुरवलं की घाईत फासलं, आतल्या पट्ट्यांना पुरेसा आधार आहे की नाही, हे सगळं वरच्या गुळगुळीत रंगाखाली झाकलं जातं. फोटोत नवी आणि जुनी बोट सारखीच चमकते. म्हणजे जिथे परीक्षा सर्वांत अवघड, त्याच भागाला दुसऱ्याचं नाव उसनं लावलं जातं.

इंदापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. भीमेच्या पात्रात वाळू उपसणाऱ्या बोटी महसूल खात्याची पथकं पकडतात आणि जिलेटिन लावून उडवतात. त्या बातम्या इथे कुणाला नव्या नाहीत. अशा मुलखात बोटीने आधी कसली कामं केली हे विचारणं म्हणजे संशयखोरपणा नव्हे. एका मोठ्या नावाने हा प्रश्नही झाकला जातो. ‘कंपनीची बोट’ म्हटल्यावर तिचा मागचा धनी कोण, हे विचारायचं सुचत नाही.

एक वेगळा प्रकार असतो, तो मला तुलनेने कमी गंभीर वाटतो. जाहिरातीच्या तळाशी ‘यामाहा सुझुकी होंडा मर्क्युरी टाइप’ अशी माळ ओवलेली असते. सर्चमध्ये बोट वर यावी, एवढाच हेतू. चार कंपन्यांनी मिळून एक बोट बनवली असं कुणीच मानत नाही, त्यामुळे फसणारा विरळा. नुकसान होतं ते तिसऱ्याच माणसाचं: ज्याने ‘लोकल फायबर बोट, 3 वर्षं वापरलेली’ असं सरळ लिहिलं, त्याची जाहिरात दहाव्या पानावर जाते. पुढच्या वेळी तोही माळ ओवायला शिकतो.

कायद्याचं म्हणाल तर 1872च्या करार कायद्यातलं 17वं कलम या प्रश्नाच्या फार जवळ जातं. नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे, असं ते सांगतं, आणि दाखला घोड्याचा देतं. लिलावात अधू घोडा विकताना मालक काही बोलला नाही, तर ते कपट नाही. पण घेणाऱ्याने ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो’ असं म्हटलं आणि मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. ‘यामाहाची बोट ना?’ असा मेसेज आल्यावर नुसता अंगठा पाठवणारा या दुसऱ्या दाखल्यात येतो, असं मला वाटतं. तरी 19वं कलम पुढे उभं आहेच. साधी काळजी घेऊन खरं कळण्याजोगं असेल, तर अशा गप्प राहण्यावर करार मोडता येत नाही. आणि 2020चे ई-कॉमर्स नियम धंदा म्हणून नव्हे, तर खासगी नात्याने एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला लागूच होत नाहीत. कंपन्यांसाठी विणलेल्या जाळ्यातून एकटा माणूस सहज निसटतो.

रोमन विचारवंत सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी हाच वाद मांडला होता. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोहोचतो, मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावं का? सिसेरो इथे दोन तत्त्वज्ञ समोरासमोर आणतो. डायोजेनिस म्हणतो, सगळं सांगायला तो बांधील नाही. अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने जातो. मी इतका कडक होणार नाही. बाजारभाव गिऱ्हाइकाने स्वतः काढावा. पण बोटीचा तळ हा बाजारभाव नव्हे.

विकणाऱ्याचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. बऱ्याचदा त्याने स्वतःच ती बोट ‘यामाहा’ म्हणून घेतलेली असते. चिलापी मासळीच्या दोन-चार पाट्यांवर घर चालवणाऱ्याला बोटीच्या उगमाचा शोध घ्यायला सांगणं हा आगाऊपणा होईल. त्याच्याकडून एवढंच मागता येतं: ‘मशीन यामाहा, बोट लोकल फायबर, बनवणारा माहीत नाही.’ यात त्याला ठाऊक नसलेलं काहीच नाही. असं लिहिलं तर दोन पैसे कमी येतील, हे खरं. पण ते पैसे तो ज्या वस्तूपोटी घेत होता, ती त्याच्याकडे नव्हतीच.

विकणारा आणि घेणारा यांच्यापुरतंच हे असतं, तर घासाघीस म्हणून सोडून देता आलं असतं. पण उजनीत बोटीतून माणसं जातात. 21 मे 2024च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण बुडाले. त्या बोटीच्या बनावटीबद्दल मला काहीही सुचवायचं नाही. ती दुर्घटना वाऱ्याची होती. सांगायचं आहे ते प्रवाशाबद्दल. रस्त्याने लांबचा वळसा पडतो म्हणून लेकरं घेऊन बोटीत बसणाऱ्याने कुठलीही जाहिरात वाचलेली नसते, त्याने किंमत ठरवलेली नसते, ‘साधी काळजी’ घेण्याची संधी त्याला कुठलंच कलम देत नाही. 2021च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी सांगितली आहे ती याच माणसासाठी. तपासणारा येईल तेव्हा तो मशीनवरचं स्टिकर वाचून परत जाणार नाही, तळ ठोकून बघेल. तोवर त्या तळाबद्दल ज्याला सर्वांत जास्त माहिती आहे, तो बोट विकायला काढणारा माणूसच आहे.