डाव कुणाला विचारून सोडलास?

ये, बस. पट नंतर. आधी ती स्कोअरशीट दे इकडे.

हे काय अक्षर आहे? 22 ते 26 चाली कुठे गेल्या? डाव संपला तेव्हा तुझ्या घड्याळात 41 मिनिटं होती आणि त्याच्या घड्याळात 6. वेळ त्याला कमी, आणि घाम तुला!

31वी चाल. हत्तीला हात लावलास, मग म्हणे राजा हलवायचा होता. मोहरं नुसतं घरात नीट ठेवायचं असेल तर हात लावण्याआधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचं असतं. पंचांनी हत्तीच चालायला लावला, तो घोड्याच्या बदल्यात गेला. बाहेर येऊन पंचांच्या नावाने शंख करत होतास, तेही ऐकलंय मी.

पण ते सोड. शेवटी पटावर काय उरलं होतं? त्याचा राजा, पांढऱ्या घरांचा उंट आणि एच पट्टीतलं एकुलतं एक प्यादं. तुझा राजा जी8 वर. एच8 घर कुठल्या रंगाचं? काळं! त्याचा उंट जन्मात त्या घरावर मारा करू शकत नाही. जी8, एच8, जी8, एच8, अशा येरझारा घालायच्या होत्या फक्त. कोंडला असतास तरी स्टेलमेट, म्हणजे बरोबरीच. दिवाळीच्या सुट्टीत हेच घोकून घेतलं होतं ना तुझ्याकडून? आणि महाराजांनी काय केलं? घड्याळ थांबवलं, हात पुढे केला, डाव सोडला! हातातला अर्धा गुण दान केलास. त्या पोराला स्वतःला खरं वाटेना, सही करतानासुद्धा पटाकडेच बघत होता तो.

का सोडलास, सांगू? जोड्या लागल्यापासून त्याचं रेटिंग जपत बसला होतास. अरे, 2025 मध्ये बाटुमीला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखसमोर कोनेरू हम्पी होती. रेटिंगही हम्पीचंच जास्त. 19 वर्षांच्या त्या मुलीने दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत ठेवले, पहिला रॅपिडही, आणि दुसऱ्या रॅपिडमध्ये जिंकली. तुला तर जिंकायचंही नव्हतं, नुसतं कोपऱ्यात बसून राहायचं होतं.

‘वाटलं हरलोय’ म्हणे. चाली मोजल्यास का? मग वाटलं कसं?

डोळे पूस. आता मांड पट. पांढरी माझ्याकडे, तुझा राजा मी ठेवीन तिथे. कोपरा गाठल्याशिवाय डबा उघडायचा नाही.