देणे आहे, पण दोष नाही



संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीविषयी मार्क एक गोष्ट आवर्जून सांगतो. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचे सगळे खर्चून टाकले आणि आजार कमी न होता उलट वाढला. आपण तिच्या श्रद्धेवर बोलतो, तिच्या रिकाम्या झालेल्या हातांवर फारसे बोलत नाही. त्याच अध्यायात थडग्यांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा माणूसही आहे. प्रभू येशूने त्याला बरे केले. तो अंगावर कपडे घालून, भानावर येऊन शांत बसला. पण गावकऱ्यांना त्याचा आनंद झाला नाही. सुमारे दोन हजार डुकरे पाण्यात बुडाली होती. त्यांनी येशूला आपल्या हद्दीतून निघून जाण्याची विनंती केली.

एक माणूस भानावर यावा म्हणून किती खर्च करायचा आणि तो कोणी सोसायचा? हा प्रश्न गालीलच्या सरोवराकाठी संपला नाही. तो आपल्या गावातही आहे.

मोडलेल्या हाडाचा खर्च मोठा असला तरी त्याला शेवट असतो. मनाच्या आजाराचा खर्च महिन्यामागून महिने चालतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की अशा कुटुंबांना उपचार आणि प्रवास यांवर महिन्याला सुमारे हजार ते दीड हजार रुपये खर्चावे लागत होते. रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या घरात ही रक्कम कुठून येणार? राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे; आपल्यापासून सगळीच लांब. रुग्णाबरोबर आणखी एकाची मजुरी बुडते. डॉक्टरकडे जाण्याआधीच देवऋषी, गंडेदोरे यांत बराच पैसा गेलेला असतो. मग उसनवारी, बचतगट, शेवटी सावकार. पैसे संपले की गोळ्या बंद, गोळ्या बंद झाल्या की आजार उलटतो, आणि आजार उलटला की पुन्हा कर्ज. कधी उन्मादाच्या भरात रुग्ण स्वतःच उधळपट्टी करतो, कुठेही अंगठा उठवतो. डोके ताळ्यावर आल्यावर दारात वसुलीवाला उभा असतो.

अशा वेळी लोक म्हणतात, “केले त्याने, फेडू दे त्यालाच.” हे म्हणणे न्यायाचे आहे का?

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की जे कृत्य समजून-उमजून आणि स्वतःच्या इच्छेने केलेले असते, त्याचीच नैतिक जबाबदारी माणसावर येते. ख्रिस्तसभेची शिकवणूकही हेच सांगते : भीती, बळजबरी आणि मनाची अवस्था यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, कधी उरतही नाही. देशाचा १८७२ चा करार कायदासुद्धा मन ठिकाणावर नसताना केलेला करार मान्य करीत नाही.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शेजारच्या बाईने पोत गहाण ठेवून औषधाला पैसे दिले असतील, तर तिचे पैसे बुडावेत का? मुळीच नाही. आजारामुळे तिचा हक्क नाहीसा होत नाही. म्हणून आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, देणे आणि दोष. देणे राहते, दोष राहत नाही. रुग्णाला लाज वाटावी असे त्याने काही केलेले नाही. आणि देणे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहावे असेही नाही. संत थॉमस पुढे म्हणतात की आपल्याजवळ गरजेहून जास्त जे आहे, ते आपण गरिबांना देणे लागतो. म्हणजे ऋणको केवळ तो नाही, आपणही आहोत.

चांगल्या शोमरोनी माणसाची आठवण करा. रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाने स्वतः कसलाही करार केला नव्हता, तरी त्याच्या नावाने खर्च होणारच होता. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परतताना तोही देण्याचे कबूल केले. तो नुसती मलमपट्टी करून थांबला नाही, खर्चाला जामीन राहिला.

सोळाव्या शतकातले संत जॉन ऑफ गॉड यांना लोकांनी वेडा ठरवून ग्रानाडाच्या रुग्णालयात डांबले होते, तिथे चाबकाचे फटके मारले होते. बाहेर आल्यावर त्यांनी गरीब रुग्णांसाठी रुग्णालय काढले, दारोदार भीक मागितली आणि कर्जही काढले. रुग्णांचे कर्ज त्यांनी आपल्या अंगावर घेतले.

आपण काय करू शकतो? काही गोष्टी नीट माहीत असल्या पाहिजेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार मानसिक आजारावर उपचार मिळणे हा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना सरकारी ठिकाणी तो मोफत मिळाला पाहिजे. आरोग्य विमा देतानाही कंपनीने मनाच्या आणि शरीराच्या आजारात भेद करायचा नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आल्या. म्हणून कर्ज काढण्याआधी परभणीच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे दिवसा-रात्री फुकट बोलता येते, मराठीतही. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

प्रार्थना करा, रुग्णाला अभ्यंगाचा संस्कार द्या, पण त्यासाठी गोळ्या बंद करू नका. बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे, कारण औषधेही देवानेच निर्माण केली आहेत.

‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना आपण दररोज म्हणतो. संत मत्तयच्या मूळ ग्रीक मजकुरात आपण ज्याची क्षमा मागतो त्याला ‘ऋण’ असाच शब्द आहे. या आठवड्यात आपल्या ओळखीच्या अशा एका घरी जा. उपदेश करू नका. कोणाचे देणे आहे, किती आहे, हे त्यांनी सांगितले तर ऐकून घ्या आणि ते गावभर करू नका. जमल्यास महिन्याच्या गोळ्यांचा भार उचला. तेही जमत नसेल, तर रुग्णाला परभणीला न्यायच्या दिवशी त्यांच्यासोबत जा, म्हणजे घरातल्या एकाची मजुरी वाचेल. तुमचा एक दिवस जाईल. गावकऱ्यांनी डुकरे मोजली, आपण तो दिवस मोजू नये.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला प्रभुसेवेत,
धर्मगुरू, पिंगळी