दगडाला पळता येत नाही

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात फोटोच्या हौसेपायी कुणी फार जवळ गेलं, तर काळविटांचा कळप उधळतो. आपण मर्यादा ओलांडली, हे तिथल्या तिथे कळतं. पण ज्याला पळता येत नाही, ओरडताही येत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो?

बस्तरच्या सहलीला निघालेल्या वाशीमकरांनी कांगेर घाटीत हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. जगदलपूरजवळचं सुमारे 200 चौरस किलोमीटरचं हे जंगल 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या पोटात कुटुमसर, कैलास अशा चुनखडकाच्या गुहा आहेत. आपला काळा पाषाण लाव्हारसाचा. त्यात अशा गुहा होत नाहीत. तिथे मात्र मातीतून झिरपताना किंचित आम्लधर्मी झालेलं पावसाचं पाणी खडक विरघळवतं आणि छतातून ठिबकताना तोच चुना थराथराने मागे ठेवतं. या थरांतून एकेक लवणस्तंभ घडायला हजारो वर्षं जातात. त्यावर माणसाच्या बोटांचा तेलकटपणा बसला, की नवा थर नीट धरत नाही आणि तिथली वाढ खुंटू शकते.

बोट लावणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. स्तंभ होता तसाच उभा असतो आणि माणूस निश्चिंत मनाने बाहेर येतो. चूक उमगायला आपल्याला समोर रक्त किंवा अश्रू लागतात. इथलं नुकसान उघडं पडेल तेव्हा जाब द्यायला आपण नसू. म्हणून गुहेतला संयम पश्चात्तापावर सोडून चालत नाही. तो आत उतरण्याआधीच अंगी असावा लागतो.

‘मग जाऊच नये’ म्हणणंही सोपं आहे. पण वाट दाखवणाऱ्या स्थानिक तरुणांची चूल पर्यटकांवर पेटते. जावं, त्यांचं ऐकावं, हात आवरावा. तिकिटाने पाहण्याचा हक्क मिळतो, हाताळण्याचा नाही.

हा विचार बस्तरपुरता ठेवण्याचं कारण नाही. आपल्या पाषाणात अशा गुहा नसल्या, तरी त्याच्या भेगांत पाणी आहे. बोअर आणखी खोल नेताना खाली कुणाचा झरा तुटला, हेही डोळ्यांना दिसत नाही. शेजाऱ्याची विहीर आटल्यावर हळहळण्यापेक्षा मशीन बोलावण्याआधी त्याच्या बांधावर जाऊन विहिरीला पाणी किती आहे, हे विचारावं. शेजारधर्म तिथून सुरू होतो.