गहाण पडलेली नाती

गेल्या वर्षी एका परिसंवादात एका नामवंत अर्थतज्ज्ञांनी ठासून सांगितले की केनियाने शाखा न उघडता गरिबांच्या दारात बँक नेली. पुरावा म्हणून त्यांनी सर्वेक्षणाचा आकडा दिला: औपचारिक वित्तसेवा वापरणारे प्रौढ २००६ मध्ये सुमारे २७ टक्के होते, २०२१ मध्ये जवळजवळ ८४ टक्के झाले. आकडा खरा आहे. पण त्यावरून ‘गरिबांना बँक मिळाली’ हे सिद्ध होत नाही, आणि हेच वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की आता गप्प बसवत नाही.

या वाढीमागे आहे ती एम-पेसा, मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा. ती बँक नाही. त्यातला ‘पेसा’ म्हणजे आपलाच पैसा, समुद्रापार जाऊन स्वाहिलीत रुजलेला. २००५ मध्ये या सेवेची चाचणी झाली ती सूक्ष्मकर्जाचे हप्ते मोबाइलवरून फेडता यावेत म्हणून. पण हातात फोन आल्यावर लोक एकमेकांनाच पैसे धाडू लागले. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने सेवा बाजारात आणली तेव्हा जाहिरातीत एवढेच होते: घरी पैसे पाठवा. आखणाऱ्यांच्या डोक्यात कर्ज होते, लोकांना मनिऑर्डर हवी होती. मनिऑर्डरवर घर कसे चालते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

नैरोबीतल्या हिरव्या टपरीपुढे एक मोलमजुरी करणारा उभा राहतो. जाळीआडची बाई त्याच्या नोटा दोनदा मोजते, ओळखपत्राचा क्रमांक आणि रक्कम वहीत लिहून घेते, सही घेते. पैसे त्याच्या खात्यात पडतात. तो ते आईला पाठवतो आणि किसुमूजवळच्या खेड्यात तिचा फोन वाजतो. तिकडच्या टपरीत रोकड संपली असेल तर तिला उद्या पुन्हा यावे लागते. या व्यवहारात तिच्यावर विश्वास कोणी ठेवला? मुलाने. बँकेने तिला अजून ओळखलेलेही नाही.

या विषयात मी सर्वांत जास्त शिकलो ते पार्कर शिप्टन या मानववंशशास्त्रज्ञाकडून. पश्चिम केनियातल्या लुओ लोकांमध्ये राहून त्यांनी १९८९ मध्ये ‘कडू पैशा’वर पुस्तक लिहिले. लुओ भाषेत त्याला ‘पेसा माकेच’ म्हणतात. जमीन, सोने, तंबाखू किंवा घरचा कोंबडा विकून आलेला पैसा कडू. तो वधूमूल्याच्या गुरांत घालायचा नाही, घातला तर घराला बाधतो. पैसा कुठून आला यावर तो कुठे जाऊ शकतो हे ठरते. सगळा पैसा सारखाच, असे मानणाऱ्या बँकेला हे समजणे कठीण आहे.

पुढच्या पुस्तकांत त्यांनी दाखवले की हे लोक आधीच देण्याघेण्याच्या दाट जाळ्यात जगतात. गाय दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवायला द्यायची, पोर नात्यात वाढवायला द्यायचे. परतफेडीला तारीख नसते, ती वेगळ्या रूपात आणि कधी पुढच्या पिढीतही होते. वसाहतकाळातल्या, १९५४ च्या स्विनरटन योजनेचा हेतू असा होता की जमिनीला कागद मिळाला की शेतकरी ती तारण ठेवेल आणि कर्ज वाहू लागेल. पण घराच्या अंगणात बापाची, आजोबांची थडगी असतात. जप्ती आणली तरी ती जमीन घ्यायला शेजारीपाजारी धजत नाहीत. ‘गरिबांना कर्ज मिळत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा शिप्टन आठवण करून देतात की आपण ज्याला पत म्हणतो ते त्यांच्या बाजूने ऋणच असते.

इथवर मी अनेक वर्षे ठाम होतो. एम-पेसाने गरिबांच्या जगण्यात काही बदलले नाही, असे मी दोन व्याख्यानांत बोललो आहे. ते मी मागे घेतो. विल्यम जॅक आणि तवनीत सूरी या अर्थतज्ज्ञांचा २०१४ चा अभ्यास सांगतो की आजारपण किंवा रोजगार जाणे यासारखा आघात झाला की सेवा न वापरणाऱ्या कुटुंबांचा खर्च ७ टक्क्यांनी घटतो, वापरणाऱ्यांचा घटत नाही. घरात पोटाला चिमटा बसत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. (याच दोघांचा २०१६ चा, १ लाख ९४ हजार कुटुंबे दारिद्र्यातून बाहेर आल्याचा दावा मात्र मिलफर्ड बेटमन आणि सहकाऱ्यांनी खोडून काढायचा प्रयत्न केला आहे, आणि तिथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे.) पण त्या कुटुंबांना सावरले कोणी? अधिक ठिकाणच्या आप्तेष्टांनी. फोनने नात्यांना रस्ता दिला.

मग त्याच रस्त्याने सावकार आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये एम-पेसावरूनच कर्ज देणारे एम-श्वारी सुरू झाले: ३० दिवसांच्या कर्जावर ७.५ टक्के शुल्क. वर्षाचा हिशेब केला तर ९० टक्के. पाठोपाठ कर्ज देणारी ॲप आली. त्यांनी कर्ज देतानाच फोनमधली सगळी नावे वाचून घेतली आणि हप्ता चुकला की सासूला, मालकाला, मैत्रिणीला फोन करून बदनामी केली. पूर्वजांच्या थडग्यांमुळे जमीन गहाण पडेना, तेव्हा जिवंत नातेवाईक गहाण पडले. ज्या यादीतून संकटात मदत येत होती, तीच यादी तारण झाली. याचा मला संताप येतो, आणि वित्तीय समावेशनावरच्या भाषणांत त्याचा उल्लेख मी क्वचितच ऐकतो.

एप्रिल २०२० मध्ये केनियाच्या मध्यवर्ती बँकेने अनियंत्रित ॲपना पतनोंदणी संस्थांची दारे बंद केली आणि १,००० शिलिंगच्या आतल्या थकबाकीसाठी कोणाचेही नाव काळ्या यादीत टाकायला मनाई केली. नातेवाइकांना फोन करण्यावर बंदी आली ती २०२२ च्या नियमांत. तोवर कितीतरी घरांत एकमेकांशी बोलणे थांबले असेल.

याउलट केनियातल्या बायकांचा ‘चामा’ पाहा, म्हणजे आपली भिशी. कोणा एकीच्या घरी जमायचे, पैसे सगळ्यांसमोर टेबलावर मोजायचे, जिची पाळी तिच्या हातात गड्डी द्यायची. एखादीचे पैसे आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी दोघी तिच्याकडे जातात, आधी विचारतात की घरात कोण आजारी आहे. सर्वेक्षणातल्या त्या ८४ टक्क्यांत हा चामा मोजलेला नाही. तो ‘अनौपचारिक’ या रकान्यात आहे.